जादा तबकडीचा इतिहास

‘रिडंडंट’ हा इंग्रजी शब्द कामगार चळवळीतल्या माणसांच्या चांगला परिचयाचा आहे, आणि तो कानाला कडू लागतो. कारखान्याच्या फाटकावर एक यादी लागते. तीत ज्यांची नावे असतात, ती माणसे ‘जादा’ ठरलेली असतात. जादा म्हणजे ज्यांच्यावाचून काम अडत नाही, ज्यांचा पगार मालकाच्या हिशेबी निव्वळ खर्च होय, असे लोक. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीसंबंधीची कलमे घातली गेली, आणि कपात म्हणजे नेमके काय, हा वाद बार्शी लाइट रेल्वेच्या खटल्यातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. चालू धंद्यातून जादा माणसे कमी करणे याचे नाव कपात, असा निर्वाळा कोर्टाने १९५६ साली दिला. या एका शब्दापायी आम्ही कित्येक वर्षे लेबर ऑफिसाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत.

म्हणूनच संगणकाच्या जगात हाच शब्द मानाच्या जागी बसलेला पाहिला, तेव्हा आमचे कुतूहल जागे झाले. तिथे ‘रिडंडंट’ म्हणजे आधार. ज्या यंत्रावर अनेकांच्या नोंदी ठेवायच्या, त्या सर्व्हरमध्ये एक तरी तबकडी जादा असावी, वीजपुरवठ्याचा एक संच जादा असावा, पंखाही एखादा जादा असावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. एकच शब्द, माणसाला लागला की घरी बसवितो आणि यंत्राला लागला की तारतो. हे असे का, याचा शोध घेता घेता जो इतिहास आमच्या हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आम्ही इंजिनिअर नव्हे. नववीनंतर शाळा सुटली, आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. परंतु हा विषय केवळ इंजिनिअरांचा राहिलेला नाही. आपला सातबारा, प्रॉव्हिडंट फंड, पतसंस्थेतली ठेव, इस्पितळातला तपासणीचा कागद, हे सारे कुठल्या तरी खोलीत फिरणाऱ्या तबकडीवर किंवा तिच्या जागी आलेल्या चिपवर लिहिलेले असते. ती खोली आपण पाहिलेली नसते, पण तिच्या भरवशावर आपण रात्री झोपतो. तो भरवसा कशाने उभा राहतो आणि कशाने ढासळतो, हे नागरिकांनी जाणले पाहिजे.

शनिवार-रविवारची गोष्ट

प्रारंभ तबकडीच्याही आधीपासून करावा लागतो. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचा एक गणिती काम करीत असे. तिथे रिलेवर चालणारे एक मोठे गणकयंत्र होते. हॅमिंगला ते शनिवार-रविवारी वापरायला मिळे. त्या यंत्राला आपली चूक ओळखता येत असे, पण दुरुस्त करता येत नसे. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत चूक झाली की दिवे लागत, पाळीवरची माणसे धावून येत आणि ती चूक काढीत. शनिवार-रविवारी मात्र खोलीत कोणी नसे. तेव्हा यंत्र हाती असलेले काम टाकून देई आणि सरळ पुढचे काम उचली. सोमवारी सकाळी येऊन पाहावे तो हॅमिंगचे गणित अर्धवट पडलेले असे.

दोन आठवडे असे फुकट गेल्यावर तो चिडला आणि त्याने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. यंत्राला चूक झाली एवढे कळते, तर ती कुठे झाली हे त्याला का कळू नये? आणि कुठे हे कळले, तर ती सुधारता का येऊ नये? त्यातून त्याने चूक-दुरुस्तीची सांकेतिक पद्धत बसविली व १९५० साली प्रसिद्ध केली. मूळ आकड्यांबरोबर काही जादा आकडे लिहून ठेवायचे, म्हणजे मूळचा एखादा बिघडला तर जाद्यांच्या साक्षीवरून तो पुन्हा उभा करता येतो. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या कल्पनेत आहे.

परंतु या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. कामाच्या दिवसांत जे यंत्र चाले, तेच सुटीच्या दिवशी अडे. कारण दिवा लागला तरी तो पाहणारा माणूस तिथे नसे. हा धागा आपण हाती धरून ठेवू.

टनभर वजनाची वही

१९५६ च्या सप्टेंबरात आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र बाजारात आणले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी रेनॉल्ड जॉन्सन याच्या हाताखालच्या मंडळींनी ते घडविले होते. हा जॉन्सन मूळचा शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्याने बनविले आणि त्या बळावर तो कंपनीत शिरला. रॅमॅकमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर एकीवर एक बसविलेल्या होत्या, आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. साऱ्या कपाटाचे वजन टनाहून अधिक. त्यात मावत होती ५० लाख अक्षरे. आज खिशातल्या फोनवर काढलेल्या एखाद-दुसऱ्या छायाचित्राला तेवढी जागा लागते.

तोपर्यंत व्यापारी हिशेब छिद्रांच्या कार्डांवर आणि फितींवर असे. फितीवर मधलीच नोंद हवी असेल तर आधीची सारी फीत उलगडावी लागे. तबकडीवर हवी ती नोंद क्षणात काढता येऊ लागली. जणू पोथीची वही झाली.

पण वहीबरोबर वहीचे भयही आले. तबकडी ही फिरणारी वस्तू. तिच्यावरून वाचणारी सुई केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. धूळ गेली, धक्का बसला, बेअरिंग झिजले, की सुई तबकडीला घासते आणि लिहिलेले खरवडून निघते. गिरणीत साचा बंद पडला तर एक पाळी बुडते. इथे मात्र पूर्वीचे सारे लिहिलेलेच नाहीसे होते. म्हणून जसजशा बँका आणि विमान कंपन्या तबकडीवर विसंबू लागल्या, तसतसा जोडीदार ठेवण्याचा विचार पुढे आला. १९७४ साली निघालेल्या टँडम कंपनीने १९७६ पासून ‘नॉन-स्टॉप’ यंत्रे विकली. त्यांत प्रत्येक महत्त्वाची वस्तू दुहेरी असे आणि एकच नोंद दोन तबकड्यांवर एकाच वेळी लिहिली जाई. याला आरसा-पद्धत म्हणतात. १९७८ साली आय.बी.एम.मधल्या नॉर्मन ओउची याला आणखी एका युक्तीचे पेटंट मिळाले. अनेक तबकड्यांमागे एक हिशेबाची तबकडी ठेवायची आणि मेलेल्या तबकडीवरचा मजकूर तिच्यावरून पुन्हा काढायचा, अशी ती युक्ती होती.

बर्कलीचा निबंध

या विखुरलेल्या कल्पनांना एक नाव आणि एक शास्त्र मिळाले ते १९८८ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी शिकागोच्या परिषदेत एक निबंध वाचला. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन तबकड्या होत्या. एक आय.बी.एम.ची ३३८०, कपाटाएवढी, महागडी, ७,५०० मेगाबाइटची. दुसरी कॉनर कंपनीची, वैयक्तिक संगणकात बसणारी, साडेतीन इंची, १०० मेगाबाइटची. त्यांचा प्रश्न असा : एक राजेशाही तबकडी ठेवण्याऐवजी स्वस्त तबकड्यांची फौज का उभारू नये? अनेक हात एकदम कामाला लागले तर वेगही वाढेल.

युनियनच्या माणसाला हा विचार आपलासा वाटतो. एकेकट्या दुबळ्यांनी मिळून बलवान होणे, हेच तर आम्ही शिकवीत आलो. पण बर्कलीच्या मंडळींचा प्रामाणिकपणा असा की, फौजेचा दुबळेपणा त्यांनी स्वतःच मांडून दाखविला. एका तबकडीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. अशा १०० तबकड्या एकत्र जोडल्या, आणि कोणतीही एक गेली की सगळे बुडाले अशी रचना असली, तर त्या समूहाचे सरासरी आयुष्य किती? ३०० तास. पुरते दोन आठवडेही नाही. नुसती संख्या वाढविल्याने बळ येत नाही. उलट मोडण्याच्या जागा वाढतात. ज्यांनी घाईघाईने हजारोंच्या सभा भरवून संप पुकारलेले पाहिले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

मग बळ कशाने येते? जादा तबकडीने. तिचे गणित आपल्याला घरगुती उदाहरणाने समजेल. तीन कारकुनांनी आपापल्या चिठ्ठीवर एकेक आकडा लिहिला : ५, ७ आणि ४. चौथ्याने स्वतःचे काही न लिहिता नुसती बेरीज लिहिली : १६. आता दुसऱ्याची चिठ्ठी जळाली. काही बिघडत नाही. १६ मधून ५ आणि ४ वजा करा, ७ परत मिळतात. यंत्र प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषमाची खूण ठेवते, पण तत्त्व हेच. कारकून कितीही असोत, चिठ्ठी एकच गहाळ झाली तर एका जादा माणसाने सगळे वाचतात. दोन चिठ्ठ्या एकदम गेल्या तर मात्र इलाज नाही.

निबंधात या रचनेचे पाच प्रकार सांगितले होते. पहिला निव्वळ आरशाचा. दुसरा हॅमिंगच्या पद्धतीचा. तिसऱ्या-चौथ्यात बेरजेची तबकडी एकच. पण मग प्रत्येक नोंदीच्या वेळी तिच्याकडे धाव घ्यावी लागते आणि सारा भार तिच्या एकटीवर पडतो. पाचव्या प्रकारात बेरीज लिहिण्याचे काम पाळीपाळीने सर्व तबकड्यांवर वाटून दिले. रात्रपाळी एकाच माणसाच्या गळ्यात मारायची नाही, हा आमचा नियम यंत्रांनाही मानवला म्हणायचा!

या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेड’ असे नाव पडले. त्यातल्या एका अक्षराचा अर्थ प्रथम ‘स्वस्त’ असा होता. पुढे तो बदलून ‘स्वतंत्र’ असा झाला. महागडी कपाटे विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द गैरसोयीचा वाटला, असे म्हणतात. या ‘स्वतंत्र’ शब्दाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

दुरुस्तीला किती वेळ लागला?

आता या विषयाच्या गाभ्याशी आलो. आरशातल्या दोन तबकड्या घ्या. प्रत्येकीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास. एक गेली तरी दुसरी काम चालविते. आता समजा, गेलेली तबकडी कोणी बदललीच नाही. तर त्या जोडीचे सरासरी आयुष्य होते ४५,००० तास. म्हणजे दुप्पट पैसा घालून नुसते दीडपट आयुष्य. आता समजा, तबकडी गेल्यावर एका दिवसात नवी बसविली आणि तिच्यावर मजकूर उतरवून घेतला. तर तेच आयुष्य जाते सुमारे १ कोटी ८८ लाख तासांवर. दोन हजार वर्षांहून अधिक. दोन्ही ठिकाणी तबकड्या त्याच, पैसा तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी कोणी पाहत होते आणि दुसऱ्या ठिकाणी कोणी पाहत नव्हते.

हे आकडे कागदावरचे आहेत आणि प्रत्यक्षात ते इतके उदार नसतात, हे आपण पुढे पाहू. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. जादा तबकडी आपल्याला सुरक्षितता देत नाही. ती दुरुस्तीसाठी मुदत देते. त्या मुदतीत माणसाने हालचाल केली तर ठीक; नाही तर पहिल्या तबकडीचा मृत्यू कोणाला कळत नाही आणि दुसरीचा साऱ्या गावाला कळतो.

मुदत कमी लागावी म्हणून आणखी एक युक्ती आहे. पेटीत एक कोरी तबकडी जोडून, वीज देऊन तयार ठेवतात. एखादी गेली की माणसाची वाट न पाहता ती तिची जागा घेते. आम्हांला तिच्यात मुंबईच्या गिरण्यांतला ‘बदली’ दिसला. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन रोज सकाळी फाटकाशी हजर राहण्याची पद्धत घातली. कोणी गैरहजर असला तर बदलीला साचा मिळे, नसला तर तो हात हलवीत घरी जाई. त्याच्या उभे राहण्यावर गिरणी अखंड चाले, पण उभे राहण्याचा मोबदला त्याला नसे. बदली तबकडीच्या वाट पाहण्याचा खर्च मात्र, वीज धरून, अंदाजपत्रकात मांडलेला असतो.

नाडी पाहणारे

तबकडी मरण्याआधी काही लक्षणे दाखविते का? १९९२ साली आय.बी.एम.ने आपल्या तबकड्यांत स्वतःची प्रकृती तपासण्याची सोय घातली. कॉम्पॅक कंपनीने तबकडी बनविणाऱ्यांच्या सहकार्याने दुसरी पद्धत काढली. १९९५ च्या सुमारास या पद्धतींचा मेळ घालून ‘स्मार्ट’ नावाचे मानक तयार झाले. त्याप्रमाणे तबकडी आपली टिपणे आपणच ठेवते : किती तास चालले, तापमान किती, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, किती जागा वाचताना अडखळल्या. पुढे १९९८ साली इंटेल, डेल, एच.पी. आणि एन.ई.सी. या कंपन्यांनी साऱ्या सर्व्हरचे पंखे, तापमान व विद्युत्-दाब मुख्य संगणकाहून वेगळ्या चिपने पाहण्याचे मानक ठरविले. यंत्र बंद असले तरी ही चिप जागी राहते.

टिपणे असून भागत नाही, ती वाचणारा लागतो. अमेरिकेत मिलवॉकी येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रूस ॲलन हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी शेकडो संगणक एकत्र चालवीत होता. ज्या शोधासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, तोच हा विषय. शेकडो संगणक म्हणजे शेकडो तबकड्या, आणि त्यांतली कोणती ना कोणती आजारी. तेव्हा २००२ साली ॲलनने आधीच्या एका प्रोग्रामवरून ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे साधन तयार केले आणि ते जगाला मोफत दिले. पडद्याआड बसून तबकड्यांची नाडी पाहावी आणि बिघाड दिसताच ई-मेल पाठवावी, हे त्याच्या एका भागाचे काम. लिनक्समध्ये ‘रेड’ची रचना करण्याचे व तिच्यावर नजर ठेवण्याचे साधन नील ब्राउन याने २००१ साली तयार केले, तेही मोफत.

परंतु नाडीवरून सारे कळते असेही नाही. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या तबकडीवर तपासणीत पहिली चूक आढळली, ती पुढच्या ६० दिवसांत मरण्याचा संभव इतरांच्या ३९ पट होता. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा. पण त्याच अभ्यासात मेलेल्या तबकड्यांपैकी ५६ टक्के तबकड्यांनी चारही प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि बर्कलीच्या निबंधातला तोच गार्थ गिब्सन यांनी दुसरा अभ्यास मांडला. कारखानदारांच्या पत्रकांप्रमाणे वर्षाला शंभरात एकही तबकडी जायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार जाणे सर्रास आढळले, आणि काही ठिकाणी तर तेरापर्यंत. पत्रकातल्या आयुष्यावर विसंबू नये, हा धडा खुद्द त्या शास्त्राच्या एका जनकाने दिला.

पतसंस्थेतली दोन तबकड्यांची जोडी

हे सारे परदेशचे झाले. आता जवळचे एक उदाहरण सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पगारदारांच्या पतसंस्थेतला सर्व्हर एका सकाळी उठेना. सभासदांच्या ठेवी, कर्जे, हप्ते, सारे त्यावर. आदल्या रात्री वादळ झाले म्हणून शिपायाने मुख्य स्विच बंद केला होता. संचालकांनी दोष त्याच्यावर टाकला, त्याला कामावरून दूर केले आणि नुकसानीची भरपाई मागितली. तो आमच्याकडे आला.

चौकशीत आम्ही एकच मागणी केली : यंत्राचा रोजनामा वाचा. दुसरी तबकडी पुरती मेली नव्हती. बाहेरगावच्या जाणत्या माणसाने तिच्यावरची काही पाने काढली. त्यांवरून कळले की, आरशातली पहिली तबकडी सात महिन्यांपूर्वीच गेली होती. यंत्राने त्या दिवशी ई-मेल पाठविली, दुसऱ्या दिवशी पाठविली, आणि त्यानंतरही रोज पाठवीत राहिले. ती जात होती संस्थेच्या संगणक-कारकुनाच्या पत्त्यावर. हा कारकून आदल्या वर्षी ‘जादा’ ठरवून काढलेला होता आणि त्याचा पत्ता बंद झालेला होता.

शिपाई कामावर परत आला. सभासदांची पासबुके गोळा करून खाती पुन्हा लिहिण्यात मात्र कित्येक महिने गेले. संस्थेने जादा तबकडीवर पैसा खर्च केला होता; तिच्याकडे पाहणारा माणूस तेवढा जादा ठरविला होता. हॅमिंगच्या शनिवार-रविवारी जे झाले, तेच इथे सात महिने रोज होत राहिले.

आरशाची मर्यादा

कोणी म्हणेल, लहान गावच्या लहान संस्थेत असे चालायचेच. तसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने, रात्री उशिरा काम करताना, दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा मजकूर पुसून टाकला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. मजकूर परत मिळविण्याच्या पाच पद्धती कंपनीकडे कागदोपत्री होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. बॅकअप घेणारा प्रोग्राम कित्येक दिवस अयशस्वी होत होता. तसे कळविणाऱ्या ई-मेलही निघत होत्या, पण घेणाऱ्या यंत्रणेने त्या नाकारल्या. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, जादा तबकडी तबकडीच्या मरणापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून नव्हे. लिहिलेले जितक्या इमानाने आरसा उतरवितो, तितक्याच इमानाने पुसलेलेही. म्हणून वेगळ्या जागी ठेवलेली जुनी प्रत हवीच, आणि ती परत वाचता येते की नाही हे अधूनमधून वाचून पाहिले पाहिजे. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. त्या कंपनीने आपली फजिती लपविली नाही. दुरुस्तीचे काम जगाला दिसेल असे केले, आणि प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या इंजिनिअरचे नाव न घालता व्यवस्थेतली उणीव मांडली. आमच्याकडे चौकशी बहुधा शिपायापासून सुरू होते आणि शिपायापाशीच संपते.

आता तो ‘स्वतंत्र’ शब्द. जादा तबकडीचे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे : एकीचे मरण दुसरीच्या मरणाशी जोडलेले नाही. हे गृहीत किती ठिसूळ असते ते २०१९ च्या नोव्हेंबरात दिसले. एच.पी.ई. कंपनीने आपल्या काही चिप-डिस्कांविषयी सूचना काढली की, त्यांच्या आतल्या प्रोग्राममधल्या दोषामुळे त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि मजकूर परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्का जवळजवळ एकाच वेळी जाणार! आरसा, बेरीज, बदली, काहीही उपयोगाचे नाही. उपाय एकच होता : सूचना वाचून वेळेत नवा प्रोग्राम घालणे. तो वाचणारा माणूस पुन्हा लागतोच.

म्हणून जाणते लोक एकाच खोक्यातल्या साऱ्या तबकड्या एका पेटीत घालीत नाहीत. आजच्या तबकड्या इतक्या मोठ्या झाल्या आहेत की, नव्या तबकडीवर मजकूर उतरवायला एक दिवसही पुरत नाही, आणि त्या श्रमात उरलेल्यांपैकी एखादीची लपलेली खराबी उघडी पडते. म्हणून बेरजेच्या दोन जादा नोंदी ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे. दोन गेल्या तरी चालते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात तर महिन्याच्या पहिल्या रविवारी साऱ्या तबकड्या वाचून ताडून पाहण्याची वहिवाटच आहे. न वापरलेली पाने आतून कुजली नाहीत ना, हे संकट येण्यापूर्वी पाहावे, हा त्यातला हेतू.

नागरिकांनी काय विचारावे?

आपण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद असतो. पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे, शाळेचे, बाजार समितीचे. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, लाभांशावर वाद होतो, चहा होतो. त्या सभेत यापुढे चार प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. आपल्या सर्व्हरमध्ये जादा तबकडी आहे काय? ती गेली तर निरोप कोणाला जातो, आणि तो माणूस आज संस्थेत आहे काय? तो निरोप खरोखर पोचतो की नाही, हे शेवटचे केव्हा तपासले? आणि वेगळ्या जागी ठेवलेली प्रत शेवटची केव्हा परत वाचून पाहिली?

तिसऱ्या प्रश्नावर सचिव म्हणतील, बिघाड झाल्यावाचून निरोप कसा तपासायचा? त्यांना सांगावे की, आम्ही सांगितलेल्या दोन्ही मोफत साधनांत खोटा इशारा मुद्दाम पाठवून पाहण्याची सोय आहे. आगीचा भोंगा आग नसतानाच वाजवून पाहायचा असतो. शिवाय पेटीतल्या प्रत्येक तबकडीवर ठळक क्रमांक लिहिलेला असावा. नाही तर घाईत मेलेली तबकडी जागेवर राहते आणि जिवंत उपटली जाते. याला मोठा खर्च नाही. एक माणूस, त्याचे रोजचे थोडे लक्ष, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणारी समिती, एवढेच लागते.

पहिल्या पानावरच्या शब्दाचा अर्थ आता लागतो. काम सुरळीत चालू असते त्या दिवशी जादा तबकडी खरोखरच निरुपयोगी असते. हिशेबतपासणीस तिच्यावर बोट ठेवील आणि विचारील की, ही वर्षभर काय करीत होती? तिचे काम त्या दिवशी सुरू होते, ज्या दिवशी दुसरी कोणी तरी पडते. रात्रपाळीचा पहारेकरी, रेल्वेचा गँगमन, अग्निशामक दलाचा जवान, बॉयलरवरचा माणूस आणि सर्व्हरच्या खोलीतला तो कंत्राटी मुलगा, यांचेही तसेच आहे. अपघात झाला नाही म्हणून त्यांची गरज नव्हती, असा हिशेब मांडणे सोपे असते. अपघात का झाला नाही, हे विचारणारे थोडे असतात. यंत्रांच्या बाबतीत तो प्रश्न विचारायला जगाला बेल प्रयोगशाळेपासून बर्कलीपर्यंत चाळीस वर्षे लागली. माणसांच्या बाबतीत तो अजून विचारायचा आहे, आणि तो विचारणे हे आम्ही आमच्या चळवळीचे काम समजतो.